अंजिराच्या झाडाला आणखी एक वर्ष

पोप फ्रान्सिस यांनी 2025 हे ज्युबिली वर्ष आशेच्या नावाने जाहीर केलं होतं. 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं बोधवाक्य. 24 डिसेंबर 2024 च्या रात्री रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराचं पवित्र द्वार उघडलं आणि हे वर्ष सुरू झालं. दोनच दिवसांनी पोपनी असंच एक द्वार उघडलं ते रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात. आशेची जिथे सर्वांत जास्त टंचाई, तिथे आधी जायचं, हा त्यांचा शिरस्ताच होता. ज्युबिलीच्या घोषणापत्रात त्यांनी कैद्यांसाठी माफी आणि गरीब देशांसाठी कर्जमाफी मागितली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या संदेशातही सूर तोच होता: आशा धरून, एकमेकांच्या सोबतीने चालू या.

रोमला जाणं मला शक्य नव्हतं. पण पत्रकात छापलेली आशा एखाद्या गावात चाळीस दिवस कशी पाळली जाते, ते पाहण्यासाठी रोमला जाण्याची गरजही नव्हती. मी वसईला गेले.

मी स्वतः कॅथलिक, पण राहुरी तालुक्यातली. आमच्याकडे उपवासकाळ येतो तो उसाचे फड रिकामे होताना, विहिरी तळाला गेल्यावर. टाळ-मृदंगावर भजनं होतात आणि क्रुसाच्या वाटेला निघालेल्या बायकांच्या पायांखाली तापलेली ढेकळं असतात. वसईचा उपवासकाळ वेगळ्या मातीतला असं ऐकून होते. पुण्यात माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या मैत्रिणीचं माहेर निर्मळजवळच्या एका गावात आहे. तिच्या आईला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "एक दिवस येऊन बघून जाण्यासारखं ते नाही गं. राखेच्या बुधवारी ये, मग सुट्टी मिळेल तशी येत राहा. शेवटचा आठवडा मात्र इथेच राहा." मी तसंच केलं.

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की पहिला बराच वेळ गाव कुठे दिसत नाही. दुकानांच्या पाट्या, रिक्षांची रांग, इमारतींना लागून इमारती. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच सोपारा. इथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये केलं. तो भाग मागे पडला की रस्ता अरुंद होतो, हवेत ओलावा येतो आणि वाड्या सुरू होतात. नारळ, केळी, पानवेली, चाफा, मोगरा. निर्मळला एकीकडे शंकराचार्यांचं समाधीमंदिर आणि तळं, दुसरीकडे होली क्रॉस चर्च. कार्तिकातली निर्मळची यात्रा साऱ्या वसईची. गल्लीच्या तोंडाशी, विहिरीच्या काठाशी, दोन वाड्यांच्या बांधावर चुन्याने रंगवलेले क्रूस उभे. प्रत्येकाला ताज्या फुलांचा हार.

1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. किल्ल्यात आज चर्चच्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत, छप्परं नाहीत. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात वाजते ती त्यांतलीच एक. राज्यकर्ते गेले, पण धर्म इथल्या माणसांपाशी राहिला, कारण तो तोवर त्यांचा झाला होता. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा अनेक समाजांची ही कॅथलिक माणसं घरात आपापली बोली बोलतात आणि चर्चमधली मिस्सा मराठीत ऐकतात. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं. इथल्या मुलांना क्रूस म्हणजे काय ते सांगायला दूरचं उदाहरण शोधावं लागत नाही.

5 मार्चला, राखेच्या बुधवारी, आम्ही पहाटेच्या मिस्साला गेलो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घराघरांत नेलेल्या झावळ्या लोकांनी परत आणून दिल्या होत्या. त्या जाळून, चाळून केलेली राख एका छोट्या वाटीत होती. माणसं रांगेने पुढे जात होती. फादर अंगठा राखेत बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढत आणि आठवण देत की माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे. माझ्या पुढे लाल लुगडं नेसलेल्या एक आजी होत्या, कडेवर पणतू. फादरांनी आजींच्या सुरकुतलेल्या कपाळावर राख लावली आणि मग तीच बाळाच्या कपाळाला. बाळाने हात लावून ती पुसायला पाहिली, बोटावर आलेली राख निरखून पाहिली. तेच शब्द नव्वदीच्या माणसालाही आणि वर्षाच्या बाळालाही. मरणाची इतकी उघड आठवण करून देणारा दुसरा विधी माझ्या पाहण्यात नाही. त्याची सुरुवात जयजयकारात वापरलेल्या झावळ्यांच्या राखेने व्हावी, याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला नव्हता.

त्या सकाळी पोप रोमच्या जेमेली रुग्णालयात होते. 14 फेब्रुवारीला ते दाखल झाले होते, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. आशेचं वर्ष पुकारणारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस श्वासासाठी झगडत होता. मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा चर्चभर मोठ्याने प्रतिसाद आला.

राखेचा बुधवार ते ईस्टर हे 46 दिवस. त्यातले रविवार वगळले की चाळीस उरतात. नियमाने उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला: अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी एकदा पोटभर आणि दोनदा थोडं खायचं. शुक्रवारी मांस वर्ज्य. मैत्रिणीच्या घरी मात्र चाळीस दिवस मांसमच्छी बंद होती, आणि आळीतल्या बऱ्याच घरांत तसंच होतं. समुद्राकाठच्या माणसाने मासळी सोडायची म्हणजे रोजच्या ताटातला निम्मा जीव काढून घेणं. या काळात लग्नं होत नाहीत, वाजंत्री नाही, चर्चमध्ये वेदीवर फुलं नाहीत. एरवी फुलांच्या गाठोड्यांनी पहाटेची लोकल भरून दादरला पाठवणाऱ्या या गावात वेदी रिकामी दिसली की ते लगेच डोळ्यांत भरतं. त्या वर्षी 2 मार्चला रमजानही सुरू झाला होता. सोपाऱ्यातून येणारे एक मुसलमान भाजीवाले संध्याकाळी घाईने दुकान आवरताना मैत्रिणीच्या आईंना म्हणाले, "तुमचाही महिना चालू, आमचाही." आईंनी त्यांच्या हातावर घरची चार केळी ठेवली, रोजा सोडायला.

घरात ओट्याजवळच्या कोनाड्यात एक डबा होता. मासळी न आणल्याने वाचलेले पैसे त्यात पडत. डब्यावर कोणी चिठ्ठी चिकटवली नव्हती, हिशेबही नव्हता. ईस्टरच्या आधी तो चर्चमध्ये जायचा आणि तिथून आजारी, कर्जात बुडालेल्या, शाळेची फी न भरलेल्या घरांकडे. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म हे उपवासकाळाचे तीन खांब मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. त्या डब्यापाशी तिन्ही एकाच ठिकाणी दिसले: जे खाल्लं नाही ते दुसऱ्याच्या ताटात जावं, नाहीतर तो उपवास आपल्याच पोटापुरता राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. चौदा स्थानं, पिलाताच्या निवाड्यापासून कबरेपर्यंत. इथे ती आळ्याआळ्यांतून निघते. प्रत्येक स्थान एका घराच्या अंगणात. त्या घराने पाट मांडलेला, त्यावर मेणबत्ती आणि क्रूस. एका घराचं स्थान संपलं की त्या घरातली माणसंच क्रूस खांद्यावर घेऊन पुढच्या घरी पोचवतात. अंधार पडत चाललेला, केळीच्या पानांचा आवाज, पुढे लाकडी क्रूस आणि मागे गाणारी माणसं. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडतो. तीनदा पडतो. नववं स्थान ज्या अंगणात होतं तिथला तरुण मुलगा मागच्या पावसाळ्यात अपघातात गेला होता. त्याच्या वडिलांनी क्रूस उचलला तेव्हा कोणी त्यांना मदत करायला पुढे झालं नाही. नंतर कळलं, ते आधीच सांगून बसले होते की पुढच्या घरापर्यंत मीच नेणार. पाचव्या स्थानी सिमोन कुरेनेकर भेटतो. शिवारातून परतणारा साधा माणूस, ज्याला शिपायांनी धरून क्रूस वाहायला लावलं. त्या रात्री एका माणसाला क्रूस एकट्याने न्यायचा होता आणि अख्खी आळी त्याच्या मागून चालत होती. आशा शिकवता येत असेल तर ती अशीच शिकवता येते, असं मला त्या वाटेवर वाटलं.

23 मार्चच्या रविवारचं शुभवर्तमान लूकचं होतं, फळ न देणाऱ्या अंजिराचं. द्राक्षमळ्यात एक अंजीर. मालक तीन वर्षं येतो, फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, मग बघा. गोष्ट तिथेच संपते. झाडाला फळ आलं की नाही, लूक सांगत नाही.

वाडीवाल्यांच्या चर्चमध्ये ही गोष्ट वाचली जाते तेव्हा तिला वेगळे कान मिळतात. फादरांनी प्रवचनात सांगितलं की माळ्याने मालकाकडे चमत्कार मागितला नाही, मुदत मागितली, आणि ती मुदत मागतानाच आपण काय करणार तेही सांगितलं. खणेन आणि खत घालेन. माझ्या शेजारच्या बाकावर बसलेले काका मान डोलावत होते. त्याच दिवशी पोपना रुग्णालयातून सोडलं. त्यांचा खोल गेलेला आवाज आम्ही दुपारी मोबाइलवर ऐकला.

पुढच्या शनिवारी मला माळ्याचं ते वाक्य प्रत्यक्ष दिसलं. वसईच्या गावांमधून जुनी तळी आहेत, त्यांना इथे बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र जवळ असल्यामुळे उपसा वाढला आणि मुरणं थांबलं की विहिरीत खारं पाणी शिरतं. अनेक बावखलं बुजली, काहींवर बांधकामं झाली, काहींत जलपर्णी माजली. या गावातल्या तरुणांनी उपवासकाळाचं व्रत म्हणून एक बावखल साफ करायला घेतलं होतं. कोणी मोबाइल सोडतं, कोणी गोड सोडतं. यांनी शनिवारची झोप सोडली.

मी पोचले तेव्हा माणसं गुडघाभर चिखलात उभी होती. विळ्याने जलपर्णी कापायची, दोराने ओढून काठाला आणायची, फावड्याने गाळ घमेल्यात भरायचा. काठापासून वाडीपर्यंत माणसांची साखळी, हातातून हातात घमेली. गाळ काळा, मऊ, थंड आणि उग्र वासाचा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या निघत, एक फुटकी कळशी निघाली, शाळेचं दप्तर निघालं. वेचून बाजूला काढलं की उरलेला गाळ केळीच्या आणि नारळाच्या आळ्यांत जाई. खणणं आणि खत, दोन्ही एकाच कामात. साखळीत मला जागा मिळाली ती बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीच्या आणि शेजारच्या आळीतल्या एका हिंदू आजोबांच्या मध्ये. आजोबा म्हणाले, "बावखल काय फक्त चर्चचं आहे? माझ्या विहिरीचं पाणीही इथूनच येतं." ऊन चढल्यावर एका कोपऱ्यात गाळाखालून स्वच्छ पाणी पाझरायला लागलं. फार नाही, तळहाताएवढं डबकं. सगळे ते बघायला तिथे जमले.

काम थांबल्यावर मी मिस्सात पाहिलेल्या काकांशी बोलले. त्यांची पानवेल आहे, राजेळी केळी आहेत. उन्हात वाळवून सुकेळी करण्याचं काम अजून त्यांच्या घरी चालतं. पण मुलगा परदेशात आहे, परत येईल असं त्यांना वाटत नाही. जमिनीला गिऱ्हाईक रोज येतं.

"मागच्या पावसात नारळ लावले," ते म्हणाले.

"फळ कधी धरतील, काका?"

"सहा-सात वर्षं जातील. आठही."

"तोवर वाडी राहील?"

"ते माझ्या हातात नाही गं बाई. नारळ लावणं माझ्या हातात होतं. जो राहील तो पाणी पिईल."

हिरवी वसई वाचवण्याची लढाई इथे 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. नंदाखालचे फादर, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, 2020 मधल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै 2024 मध्ये ते गेले. हा त्यांच्याविना आलेला पहिला उपवासकाळ. माणसं त्यांच्याबद्दल बोलत ती हरलेल्या लढाईबद्दल बोलल्यासारखी नव्हे. पुष्कळ झाडं गेली, पुष्कळ जमीन गेली, हे सगळे जाणतात. तरी जे उरलं आहे ते भांडल्यामुळे उरलं, हेही जाणतात. सगळं ठीक होईल असं मानणं आणि आशा बाळगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पुरावा लागतो आणि तो न मिळाला की ती मोडते. दुसरी समोरचं नुकसान मोजून, नाकबूल न करता, त्यातही आपल्या वाट्याचं काम शोधते.

30 मार्चला उपवासकाळाचा चौथा रविवार आला, आनंदाचा रविवार. त्या एका दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालून फादर मिस्सा करतात. ईस्टर जवळ आल्याची ती खूण. त्याच दिवशी गुढीपाडवा होता. चर्चमधून परतताना शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या आणि आईंच्या घरी पाडव्याची श्रीखंडपुरी पोचली होती. रविवार उपवासाचा नसतो, म्हणून ती सर्वांनी पोटभर खाल्ली.

13 एप्रिल, झावळ्यांचा रविवार. आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून आई नारळाच्या कोवळ्या पातीचे क्रूस विणायला शिकवत होत्या. पात उभी चिरून दोन पट्ट्या करायच्या, एक दुमडून चार पदरी घडी, दुसरी तिच्यातून आडवी ओवायची, टोक मागे वळवून घट्ट ओढायचं. ओली पात ओढताना बारीक किरकिरते आणि बोटांना हिरवट वास लागतो. नातीचा क्रूस वाकडा झाला तर त्यांनी तो उलगडून पुन्हा तिच्या हातात दिला, स्वतः करून दिला नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झावळ्या हलवत मिरवणूक निघाली. आणि तेव्हा मला राखेच्या बुधवारचा अर्थ लागला. या हिरव्या झावळ्या पुढच्या वर्षी राख होणार, हे हातात धरणारा प्रत्येक जण जाणतो. जाणूनही तो त्या उंच धरतो. आणि राख झाल्यावर ती कपाळाला लावून पुन्हा चालायला लागतो. वर्षानुवर्षं हे दोन्ही करत राहणं, हेच या माणसांचं शिक्षण.

गुरुवारी संध्याकाळी फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. 2016 पर्यंत नियमाने ते बारा पुरुषच असत; पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. इथे त्या बाकावर एक शेतकरी होता, एक परिचारिका, एक शाळकरी मुलगी, भाड्याने राहायला आलेला एक परप्रांतीय कामगार. फादर गुडघे टेकून प्रत्येकाच्या पायावर पाणी ओतत, पुसत आणि वाकून त्याचं चुंबन घेत. कामगाराने संकोचाने पाय मागे घेतला. फादरांनी तो हलक्या हाताने पुढे घेतला. मिस्सा संपल्यावर वेदीवरची वस्त्रं काढली, घंटा बंद झाल्या, आणि लोक आळीआळीने रात्री जागत बसले.

गुड फ्रायडे, 18 एप्रिल. हा दिवस मिस्साविना जातो. दुपारी तीनला फादर उघड्या वेदीपुढे पालथे पडले आणि भरलेलं चर्च गुडघ्यांवर बसलं. घंटेच्या जागी लाकडी खुळखुळा वाजत होता. योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचून झाल्यावर दहा प्रार्थना झाल्या: ख्रिस्तसभेसाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजारी आणि तुरुंगातल्यांसाठी. सर्वांत मोठ्या शोकाच्या दिवशी ही माणसं स्वतःकडे न पाहता जगातल्या प्रत्येकाचं नाव घेत होती. मग सारे रांगेने क्रुसाला वंदन करायला गेले. घरी दिवसातलं एकच जेवण: भात, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवला. फादरांनी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर अल्फा, खाली ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत 2, 0, 2, 5 हे आकडे. ज्या वर्षात जगत होतो तेच वर्ष, त्याच्या सगळ्या युद्धांसह आणि आजारांसह, त्या मेणात कोरलं गेलं. मोठ्या मेणबत्तीवरून पहिल्या रांगेने आपली पेटवली, तिच्यावरून मागच्यांनी. समुद्राकडून वारा येत होता आणि मेणबत्त्या विझत होत्या. विझली की माणूस शेजाऱ्याकडे वळे आणि पुन्हा पेटवून घेई. माझीही विझली आणि त्या मुलाच्या वडिलांनी, ज्यांनी क्रूस एकट्याने नेला होता, आपली ज्योत माझ्या वातीला लावली. उत्पत्तीपासून पुढची वाचनं झाली, गौरवगीताला सर्व घंटा एकदम वाजल्या आणि चाळीस दिवस रिकामी राहिलेली वेदी चाफ्याने आणि मोगऱ्याने भरून गेली. त्या वर्षी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधवांचं ईस्टरही त्याच दिवशी, 20 एप्रिलला होतं.

ईस्टरच्या दुपारी पोप फ्रान्सिस रोममध्ये सज्जात आले आणि त्यांनी जगाला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेल्याची बातमी आली. आम्ही अंगणात बसलो होतो. कोणी मोठ्याने रडलं नाही. आईंनी घरातली पास्काची मेणबत्ती लावली आणि आळीतली माणसं एकेक करून प्रार्थनेला आली. संध्याकाळी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली, आणि ती ईस्टरच्या फुलांनी भरलेल्या वेदीपुढेच झाली. फुलं काढावीत असं कोणाच्या मनातही आलं नाही.

8 मे रोजी लिओ चौदावे पोप झाले. ज्युबिली थांबली नाही. 6 जानेवारी 2026 ला पवित्र द्वार त्यांनी मिटलं. द्वार एकाने उघडलं आणि ते मिटायला दुसरा आला. नारळ लावणाऱ्या काकांना यात नवल वाटलं नसतं. आशा एका आयुष्यात मावण्याएवढी असती, तर ती टिकवायला चर्च लागलं नसतं, आळी लागली नसती, हातातून हातात जाणारी घमेल्यांची साखळी लागली नसती.

बावखलाचं काम ईस्टरपर्यंत पुरं झालं नव्हतं. व्रत संपलं होतं, कोणावर बंधन उरलं नव्हतं, तरी पुढच्या शनिवारी मुलं पुन्हा उतरली, कारण पावसाला दीड महिना होता. मला वाटतं लूकने ती गोष्ट अर्धी ठेवली ती यासाठीच. झाडाला फळ येईल की नाही हे माळ्यालाही माहीत नव्हतं. पण मालकाने दिलेलं वर्ष त्याने खणण्यात घालवलं असणार, याबद्दल वसईत कोणाला शंका नाही. आपल्यालाही प्रत्येकाला असं एक वर्ष मिळालेलं असतं, आणि ते बहुधा दुसऱ्या कोणी आपल्यासाठी मागून घेतलेलं असतं. ते मिळालं आहे तोवर भोवती खणावं, खत घालावं, आणि शेजारच्या झाडासाठीही मुदत मागावी.